खोडदची दुर्बीण आणि यंत्राचा स्वतःचा गोंगाट

१९३२ च्या सुमारास अमेरिकेत कार्ल जान्स्की हा तरुण अभियंता एका खरखरीच्या मागावर होता. समुद्रापारच्या रेडिओ-टेलिफोनला तिचा त्रास व्हायचा. विजा-वादळांचा हिशेब लावून झाल्यावरही एक आवाज उरला. तो आकाशगंगेतून येत होता! गोंगाटाच्या चौकशीतून रेडिओ खगोलशास्त्र जन्मलं ते असं. मला मात्र पुढचा प्रश्न जास्त ओढतो. गोंगाट आपल्याच यंत्राचा असला तर?

याचं उदाहरण आपल्या भंडाऱ्यापासून लांब, पण महाराष्ट्रातच आहे. जुन्नर तालुक्यातल्या खोडदला प्रा. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात जीएमआरटी ही दुर्बीण उभारली. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. जागा निवडताना रेडिओ-गोंगाट कमी असणं हाही निकष होता. पण शहरापासून लांब जाता येतं, स्वतःच्या संगणकापासून कसं जाणार?

डिजिटल बस म्हणजे आकड्यांची ने-आण करणाऱ्या तारांचा जुडगा. (एसटी नव्हे, गर्दी मात्र तशीच.) आठ-सोळा तारा एकाच क्षणी शून्यावरून एकवर उडी घेतात. त्या उडीचा प्रवाह सामाईक ग्राउंडमधून परत जातो, आणि ज्याला आपण स्थिर शून्य मानलं ते शून्यच हलतं. अॅनालॉग रिसीव्हर त्याच शून्यावरून आकाशातला क्षीण संकेत मोजत असतो. म्हणजे थरथरते मोजपट्टी आणि आपण म्हणतो वस्तू थरथरली. तत्त्वज्ञानाच्या माणसाला इथून पाय काढवत नाही.

शिवाय अशा तीक्ष्ण उड्यांतून पटीच्या लहरी निघतात. समजा घड्याळ ३२ मेगाहर्ट्झचं आहे. त्याची पाचपट १६०, म्हणजे दुर्बिणीच्या १५० च्या पट्ट्याला खेटूनच.

उपाय साधे, पण चिकाटीचे. परतीचा रस्ता आखूड ठेवायचा, चिपजवळ कपॅसिटर लावायचा, उडीची धार बोथट करायची, जमल्यास मोजमापापुरती बस गप्प ठेवायची. खोडदला मूळ रचनेत संकेत अॅनालॉग रूपातच ऑप्टिकल फायबरवरून मध्यवर्ती इमारतीत आणला. काचेच्या तंतूतून ग्राउंडचा प्रवाह वाहत नाही. आकडे करणारी यंत्रं तिथे, धातूने मढवलेल्या खोलीत.

पितळेच्या गावाला डबा म्हणजे काय हे मी सांगायला नको. पण रेडिओलहरींना भोकाच्या क्षेत्रफळापेक्षा फटीची लांबी महत्त्वाची. तबकडीच्या जाळीला एक-दोन सेंटिमीटरची भोकं आहेत, तरी २१ सेंटिमीटरची लहर परतते. उलट दाराची केसाएवढी पण वीतभर फट ती बाहेर सोडते.

आणखी एक युक्ती आहे. मार्टिन राईल यांच्या १९५२ च्या कल्पनेतून ती आली. प्रत्येक तबकडीचा संकेत सुरुवातीलाच ठरलेल्या क्रमाने उलटसुलट करायचा, शेवटी त्याच क्रमाने सुलटायचा. वाटेत शिरलेला गोंगाट फक्त शेवटीच उलटसुलट होतो आणि सरासरीत विरतो. क्रम वॉल्शच्या १९२३ च्या गणितातला. जीएमआरटीत ही सोय आहे.

पूर्वी ३२ मेगाहर्ट्झची खिडकी होती, तेव्हा गोंगाटाची जागा चुकवता येई. सुधारित दुर्बिणीची खिडकी ४०० पर्यंत गेली. आता त्या पटी खिडकीच्या आतच पडतात. म्हणून आलेला गोंगाट ओळखून तिथल्या तिथे कापायचं काम डिजिटल यंत्रांकडेच दिलं आहे.