चुकांची खतावणी

या मालिकेत आपण बहुतेक वेळा लढायांचा इतिहास पाहतो. आज एका बैठकीचा इतिहास सांगतो. उपचार फसला किंवा रोगी दगावला, की डॉक्टर एकत्र बसून काय घडलं, का घडलं आणि पुढे काय बदलायचं, याचा विचार करतात. मोठ्या रुग्णालयांत तिला 'मॉर्बिडिटी अँड मॉर्टॅलिटी' बैठक, थोडक्यात 'एम अँड एम' म्हणतात.

हा विषय मी का घेतला, ते आधी सांगतो. मी कंपनी कमांडर असताना उंचावरच्या एका चौकीवर आमचा एक जवान खोकत होता. साधा खोकला आहे, असं म्हणून मी पुढे गेलो. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याला बसल्या जागी धाप लागली. उंचीमुळे फुप्फुसांत पाणी झालं होतं. अशा वेळी ऑक्सिजन देत माणसाला ताबडतोब खाली उतरवावं लागतं. आम्ही निघालो, पण तो वाटेतच गेला.

चार दिवसांनी आमच्या पलटणीच्या डॉक्टरांनी सगळ्यांना एका तंबूत बसवलं. बराच वेळ कुणी बोलेना. शेवटी नर्सिंग असिस्टंट खाली बघत म्हणाला, "साहेब, रात्रीच त्याचा श्वास मला बरा वाटला नव्हता. पण तुम्ही साधा खोकला म्हणाला होतात."

मी म्हणालो, चूक माझी. त्यानंतर बाकीचे बोलू लागले. स्ट्रेचर खालच्या चौकीवर होतं. वायरलेसच्या बॅटऱ्या उतरलेल्या होत्या. त्या दिवशी एक नियम ठरला: आजारी माणसाला खाली पाठवायचं असेल, तर नर्सिंग असिस्टंटने मला विचारायचं नाही, फक्त कळवायचं.

पुढे निवृत्त झाल्यावर वाचनात अर्नेस्ट कॉडमन यांचं नाव आलं आणि तो तंबू पुन्हा आठवला.

कॉडमन हे अमेरिकेतल्या बोस्टनचे शल्यविशारद, जन्म 1869चा. त्यांचं म्हणणं साधं होतं. रोगी घरी गेला म्हणजे काम संपलं नाही. प्रत्येक रोग्याचं एक कार्ड ठेवा. त्यावर त्रास, निदान, शस्त्रक्रिया आणि गुंतागुंत लिहा. वर्षभराने तो माणूस कसा आहे, ते पाहून तेही लिहा. बरा झाला नसेल, तर का नाही, हे शोधा. या पद्धतीला त्यांनी 'एंड रिझल्ट', म्हणजे अंतिम परिणाम, असं नाव दिलं.

मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये ते नोकरीला होते. तिथे बढती ज्येष्ठतेने मिळे. ती परिणाम पाहून द्यावी, असा त्यांचा आग्रह होता. तो मानला गेला नाही, तेव्हा 1914 साली त्यांनी राजीनामा दिला. त्याआधीच, 1911 मध्ये, त्यांनी स्वतःचं छोटं रुग्णालय काढलं होतं. तिथल्या पाच वर्षांच्या 337 रोग्यांचा हिशेब त्यांनी छापला आणि त्यात 123 चुका नोंदवल्या. ज्ञान कमी पडलं, निर्णय चुकला, साधनं अपुरी होती, निदान हुकलं, अशी त्यांची वर्गवारीही केली. त्यातल्या कित्येक चुका त्यांच्या स्वतःच्या हातून झाल्या होत्या.

1915 च्या जानेवारीत एका सभेत त्यांनी मोठं व्यंगचित्र उघडलं. एक शहामृग वाळूत डोकं खुपसून सोन्याची अंडी घालतंय आणि शहरातले नामवंत डॉक्टर ती गोळा करताहेत! सभेत गदारोळ झाला. स्थानिक वैद्यकीय संस्थेतलं अध्यक्षपद त्यांना सोडावं लागलं. पुढे रुग्णालयही बंद पडलं.

पण विचार टिकला. अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्स या संस्थेने शंभर किंवा अधिक खाटांची 692 रुग्णालयं तपासली. निकषांत फक्त 89 बसली. 1919 मध्ये न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात ती यादी मध्यरात्री भट्टीत जाळून टाकली, वर्तमानपत्रांच्या हाती लागू नये म्हणून. मात्र त्याच संस्थेच्या किमान निकषांत एक कलम होतं: डॉक्टरांनी महिन्यातून निदान एकदा भेटून आपल्या कामाची तपासणी करावी. आजच्या 'एम अँड एम' बैठकीचं एक मूळ तिथे आहे.

कॉडमन 1940 मध्ये वारले. त्यांच्या कबरीवर नावाचा दगडसुद्धा नव्हता. तो बसला 2014 साली.

आता आपल्या देशाकडे येऊ. बाळंतपणात दगावलेल्या प्रत्येक आईची गोपनीय चौकशी इंग्लंडमध्ये 1952 पासून होते. 2004 साली केरळच्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने तीच वाट धरली. कागदांवरून रोगी, डॉक्टर आणि रुग्णालय यांची नावं काढून टाकतात. मग तज्ज्ञ बसून पाहतात की रक्तस्राव कधी ओळखला, रक्त कधी मिळालं, मोठ्या रुग्णालयात पाठवायला उशीर कुठे झाला. त्यातून निघालेले धडे राज्यभरच्या डॉक्टरांना शिकवले जातात.

कॉडमननी स्वतःचं नाव घालून चुका छापल्या. केरळने नावं पुसली. वाटा उलट दिसतात, पण चूक लपू नये हा हेतू एकच. सगळ्यांकडे कॉडमनइतकं धैर्य नसतं, म्हणून भीती कमी करणारी व्यवस्था लागते. रोगी गेला की आपणही पहिल्यांदा "कुणामुळे?" असं विचारतो. कधी कधी जमाव डॉक्टरांवर हात टाकतो. ज्याने मुद्दाम हयगय केली, त्याला कायद्याने शिक्षा व्हायलाच हवी. पण मार खायची भीती असेल, तर नर्सिंग असिस्टंट गप्प बसतो. आमचा तर नुसत्या माझ्या एका वाक्याने गप्प बसला होता.

तुमच्या घरात किंवा ओळखीत कुणी डॉक्टर वा परिचारिका असेल, तर एवढंच विचारा: तुमच्याकडे अशी बैठक होते का? आणि तिथे पहिल्यांदा कोण बोलतं?