आखडती चाके : मॉडेल जेटच्या एका अवयवाचा इतिहास

विमानाने धावपट्टी सोडली की त्याची चाके केवळ हवेचा रोध वाढवणारे ओझे उरतात, आणि तरीही उड्डाणाच्या शेवटच्या काही सेकंदांत संपूर्ण विमानाची सुरक्षितता त्यांच्यावरच अवलंबून असते. या विसंगतीतून आखडत्या चाकांची, म्हणजे उड्डाणानंतर पंखात किंवा धडात दुमडली जाणाऱ्या लँडिंग गिअरची कल्पना आली. १९२० साली फ्रान्समध्ये झालेल्या गॉर्डन बेनेट शर्यतीसाठी अमेरिकेत बांधलेल्या डेटन-राइट आरबी-१ या विमानाची चाके धडात ओढून घेता येत असत. तर १९३३ च्या अखेरीस प्रथम उडालेल्या सोव्हिएत आय-१६ या लढाऊ विमानात वैमानिकाला त्यासाठी हाताने दांड्याचे ४४ फेरे फिरवावे लागत. रेडिओ-नियंत्रित मॉडेल विमानांत हीच यंत्रणा, जिला शौकिनांच्या भाषेत ‘रिट्रॅक्ट’ म्हणतात, बऱ्याच उशिरा आली. आणि तिथला तिचा इतिहास मुख्यतः एका प्रश्नाभोवती फिरत राहिला : यंत्रणा बिघडलीच, तर चाके कोणत्या स्थितीत राहतील?

मॉडेल विमानांचे रेडिओ-नियंत्रण १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झाले असले, तरी काठी जितकी हलवावी तितकेच सुकाणू हलावे अशी प्रमाणबद्ध नियंत्रणे १९६० च्या दशकात रुळली, आणि त्यानंतरच चाकांसाठी एखादी वाहिनी राखून ठेवणे परवडू लागले. या सुधारणेचा पहिला मोठा लाभ कसरतींच्या स्पर्धकांनी घेतला. ऑस्ट्रियाचे हान्नो प्रेटनर १९७७ मध्ये विश्वविजेते झाले, त्या काळात त्यांच्या ‘क्युरारे’सारख्या विमानांना आखडती चाके असणे ही नेहमीची बाब झाली होती. ही चाके यांत्रिक होती : सर्व्हो, म्हणजे रेडिओच्या आज्ञेनुसार फिरणारी लहान मोटार, आपली भुजा १८० अंशांतून फिरवी आणि तारेच्या दांडीने पाय ओढी. मात्र पाय कुठे अडकला, तर सर्व्हो जोर लावतच राही आणि ज्या बॅटरीवर संपूर्ण रेडिओ चाले ती रिकामी करी; त्यामुळे चाकातला क्षुल्लक दोष सगळ्या विमानाच्या मुळावर येई.

पुढे कसरतींच्या स्पर्धांत वेगापेक्षा संथ आणि एकसारख्या गतीला महत्त्व आले, तेव्हा त्या विमानांनी वजन वाचवण्यासाठी पुन्हा स्थिर पाय स्वीकारले. जेटच्या प्रतिकृतींना मात्र तसा पर्याय नव्हता. आरंभीच्या जेटमध्ये टर्बाइन नव्हते. नळीत बसवलेला अनेक पात्यांचा पंखा मिनिटाला २०,००० हून अधिक फेऱ्यांनी फिरवणारे लहान पिस्टन इंजिन त्यांना ढकलत असे. अशा पंख्याचा कमी वेगातला जोर तोकडा असल्याने, चाके बाहेर राहिली तर विमानाला अपेक्षित वेग गाठता येत नसे, आणि लोंबत्या पायांचे जेट डोळ्यालाही जेट वाटत नसे.

या विमानांसाठी दाबलेल्या हवेची पद्धत सोयीची ठरली. उड्डाणापूर्वी पंपाने लहान टाकीत सुमारे ७ बारपर्यंत हवा भरायची, आणि एका छोट्या सर्व्होने फक्त झडप फिरवायची; पाय हलवण्याचे श्रम हवेकडे गेल्यामुळे रेडिओची बॅटरी त्या जोखमीतून सुटली. पण हवा गळते, आणि इथेच निर्मात्यांच्या दोन वाटा झाल्या. एका प्रकारात हवा चाके वरही घेई आणि खालीही सोडी. त्यात जोर भरपूर मिळे, मात्र आकाशात टाकी रिकामी झाली तर पोटावर उतरावे लागे. दुसऱ्या प्रकारात हवा फक्त चाके वर घेई आणि स्प्रिंग ती खाली ढकली, म्हणजे गळती झाली तर चाके आपोआप बाहेर येत. याच विचाराने पाय दुमडण्याची दिशाही महत्त्वाची ठरते, कारण पुढच्या बाजूला दुमडलेला पाय बाहेर येताना समोरचा वारा त्याला साहाय्य करतो, तर मागे दुमडलेल्या पायाला त्याच वाऱ्याशी झुंजावे लागते.

१९८३ मध्ये इंग्लंडमध्ये जेरी जॅकमन यांच्या गटाने गॅस टर्बाइनवर चालणारे रेडिओ-नियंत्रित मॉडेल उडवले. पुढे जर्मनीच्या कुर्ट श्रेकलिंग यांनी घरच्या कार्यशाळेत बांधता येईल असे टर्बाइन सिद्ध केले, आणि १९९० च्या दशकात ही इंजिने शौकिनांच्या आवाक्यात आली. विमाने दहा-वीस किलोंपर्यंत वाढली. टर्बाइन मंद फिरत असतानाही थोडा जोर देत राहते, त्यामुळे चाकांना ब्रेक आवश्यक झाले; आणि पोटात रॉकेल बाळगणारे गरम इंजिन वाळल्या गवतावर घासत जाणे हा आता आगीचा धोका झाला.

२०१० च्या सुमारास विद्युत रिट्रॅक्टचा प्रसार झाला. त्यांच्यात लहान मोटार एक आट्यांचा दांडा फिरवते, त्यावरचा ठोकळा सरकतो, आणि ठोकळ्यातली खीळ पायाच्या वाकड्या खाचेतून जाते. खाचेच्या टोकाला खीळ पोहोचली की उतरतानाचा धक्का मोटारीवर न येता चौकटीवर येतो. मोटार अडते, वीजप्रवाह वाढतो आणि नियंत्रक तो ओळखून पुरवठा तोडतो. गळतीचा प्रश्न मिटला, तरी वीज गेली तर पाय जिथे असेल तिथेच थांबतो, म्हणून अनेक जण चाकांसाठी स्वतंत्र बॅटरी ठेवतात.

यंत्रणा कोणतीही असो, बसवण्याचे नियम फारसे बदललेले नाहीत. पंख जितका पातळ तितके चाक लहान व अरुंद घ्यावे लागते, आणि लहान चाक गवतात अडते, म्हणून धावपट्टी पाहिल्याशिवाय चाक ठरवता येत नाही. मुख्य चाके गुरुत्वमध्याच्या किंचित मागे यावी लागतात. फार मागे गेल्यास नाक उचलत नाही, पुढे आल्यास विमान शेपटीवर बसते. पंखातली चौकट नुसत्या बाल्सा लाकडावर टिकत नाही. ती कठीण लाकडाच्या पट्ट्यांवर घट्ट बसवून तो भार प्लायवूडच्या फासळ्यांतून मुख्य तुळईपर्यंत पोहोचवावा लागतो. खडबडीत मैदानासाठी सरळ पायापेक्षा चाक मागे ठेवून सांध्यावर झुलणारा पाय अधिक उपयुक्त ठरतो, कारण अडथळ्यावर आदळताच तो मागे-वर झुकतो आणि चौकट उखडत नाही.

तारेची दांडी, स्प्रिंग, हवा आणि वीज या टप्प्यांकडे केवळ सोयीची वाढती शिडी म्हणून पाहणे अपुरे आहे. प्रत्येक टप्प्याने आधीचा एक बिघाड दूर केला आणि स्वतःचा एक नवा बिघाड आणला. म्हणून मॉडेल जेटसाठी चाके निवडताना जोर, वजन आणि किंमत यांच्याही आधी त्या यंत्रणेचे अपयश कसे असेल हे तपासणे, हाच या इतिहासाने शिकवलेला सर्वांत मोलाचा धडा आहे.