कुर्ला: भोंगा थांबला, वस्ती टिकली

कुर्ला हे मुंबईचे जुने औद्योगिक उपनगर. १८५३ मध्ये बोरीबंदर-ठाणे रेल्वे इथून धावली आणि मिठी नदीकाठच्या या गावाचे रूप पालटू लागले. १८८६ मध्ये जमशेदजी टाटांनी इथली धरमसी मिल विकत घेतली; तीच पुढे स्वदेशी मिल झाली. नंतर प्रीमियरचा मोटार कारखाना आला. काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी इथलीच. १९५० साली कुर्ला मुंबई महापालिकेच्या हद्दीत आले.

रोजगारासाठी कोकणातून, घाटावरून, उत्तर प्रदेशातून माणसे आली. कुरेशी नगर, पाइप रोड, हलाव पूल या भागांत मुस्लिम वस्ती वाढली. मिलमध्ये मात्र वेगवेगळ्या जातीधर्मांचे हात राबायचे.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि कामगारांची घडी विस्कटली. २००० च्या सुमारास स्वदेशी मिल आणि पद्मिनीचे उत्पादन दोन्ही थांबले. प्रीमियरच्या जागेवर आज कोहिनूर सिटीच्या इमारती आहेत. पण हुनर गेला नाही. गॅरेज, स्पेअर पार्ट आणि भंगाराच्या धंद्यावर इथली कितीतरी घरे आजही चालतात.

आपल्या मुलांना मात्र कुर्ला म्हणजे फक्त मॉल आणि ट्रॅफिक वाटते. म्हणून आम्ही म्हणतो, घरात दादा-नाना असतील तर त्यांना आजच विचारा: पाळी कोणती होती, पगार किती होता? जुना गेटपास, पीएफची चिठ्ठी रद्दीत टाकू नका. मोहल्ल्याचा इतिहास तिथेच आहे.