हाजींना वाट दाखवणारा पक्षी

माझे आजोबा हजला गेले ते मुंबईहून, जहाजाने. बंदरावर निरोप देताना घरातले सगळे रडले होते, असं आजी सांगायची. तेव्हा जाणारा माणूस परत येईलच याची खात्री नसायची. पण आजोबा निर्धास्त होते. कारण गावातले एक बुजुर्ग, जे आधी एकदा हज करून आले होते, त्यांच्या सोबत होते. "वाट माहीत असलेला माणूस बरोबर असला की अर्धा सफर तिथेच होतो," असं ते म्हणायचे.

तुर्कस्तानातल्या एका पक्ष्याबद्दल वाचताना मला आजोबांचं हे वाक्य आठवलं.

तुर्कस्तानच्या दक्षिणेला, सीरियाच्या सीमेजवळ बिरेजिक नावाचं एक गाव आहे. उर्फा प्रांतात, फरात नदीच्या काठी. फरात म्हटलं की आपल्याला करबला आठवतो. तीच ही नदी, फक्त बरीच वरच्या अंगाला. या गावाच्या मधोमध उंच कडे आहेत आणि त्यांच्या कपारींत शेकडो वर्षं एक पक्षी घरटी करत आला. तुर्की लोक त्याला 'केलायनाक' म्हणतात. आपल्याकडे ओल्या शेतात लांब बाकदार चोचीचा शराटी दिसतो ना, त्याच्याच कुळातला. काळा रंग, त्यावर हिरवी-जांभळी झाक, लाल चोच आणि डोक्यावर पीस नाही. तुर्कीत 'केल' म्हणजे टक्कल.

दिसायला देखणा नाही, पण बिरेजिकमध्ये त्याचा मान मोठा. नूह अलैहिस्सलाम यांनी तूफानानंतर नौकेतून जे पक्षी सोडले त्यांत हा होता, अशी तिथली लोककथा आहे. दुसरी समजूत याहून गोड. जुलैच्या सुमारास हे थवे दक्षिणेला निघत, तेव्हा लोक म्हणत, केलायनाक हाजींना मक्केची वाट दाखवायला चालला. फेब्रुवारीत तो परतला की गावात जत्रा भरे.

आता वर्गात हे सांगितलं तर एखादा हुशार मुलगा लगेच विचारेल की, सर, हज तर चांद्र महिन्यांप्रमाणे येतो. दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. पक्षी मात्र सूर्याच्या ऋतूंप्रमाणे निघतो. मग दोघांची गाठ कशी पडणार? प्रश्न बरोबर आहे. समजूत ही समजूतच. पण त्या समजुतीमुळे पिढ्यान् पिढ्या या पक्ष्यावर कोणी दगड उचलला नाही, ही गोष्ट खरी आहे. युरोपातही हा पक्षी होता. स्विस अभ्यासक कोनराड गेस्नर यांनी 1555 मध्ये त्याचं वर्णन लिहून ठेवलं आहे. तिथे लोकांनी त्याची पिल्लं खाल्ली आणि सतराव्या शतकात तो संपला. बिरेजिकमध्ये तो विसाव्या शतकापर्यंत टिकला.

मग 1950 चं दशक आलं. मलेरियाच्या डासांवर आणि पिकं खाणाऱ्या टोळांवर डीडीटीची फवारणी झाली. हेतू वाईट नव्हता. माणसं तापाने मरत होती. पण केलायनाकचं अन्न म्हणजे तेच टोळ, किडे, सरडे. शेकडो पक्षी मेले. जे उरले त्यांची अंडी नीट उबेनात. त्याच काळात गाव वाढून घरं कड्यांना भिडली, गच्चीवर झोपणाऱ्यांना वरून पडणाऱ्या विष्ठेचा त्रास वाटू लागला. जुनी श्रद्धा ओसरली, जत्राही थांबली. 1977 मध्ये सरकारने काही पक्षी पिंजऱ्यात ठेवून पैदास सुरू केली. पण बाहेरचे घटतच गेले. 1989 मध्ये स्थलांतर करून तीन पक्षी परतले. 1990 मध्ये एक.

पुढची गोष्ट मला अधिक चटका लावते. पैदास केंद्रात पक्षी वाढले. आज बिरेजिकमध्ये ते दोनशेहून अधिक आहेत. पण त्यांना दक्षिणेची वाट माहीत नाही. या जातीत पिल्लं मोठ्यांच्या मागे उडत जाऊन वाट शिकतात. वाट जाणणारे मोठेच राहिले नाहीत, तर शिकवणार कोण? शिवाय वाटेत शिकाऱ्यांच्या बंदुका आहेत, विजेच्या तारा आहेत. म्हणून जुलै आला, निघायची वेळ झाली, की या पक्ष्यांना पिंजऱ्यात घेतात आणि फेब्रुवारीत सोडतात. एके काळी हाजींचा वाटाड्या मानलेला पक्षी नेमका सफरीच्या दिवसांत बंद असतो.

ती वाट नेमकी कुठली, हे उशिरा कळलं. 2002 मध्ये सीरियात तदमूरजवळच्या वाळवंटात, बद्दू लोकांच्या मदतीने, या पक्ष्याचा एक विसरलेला थवा सापडला. अवघे सात पक्षी. 2006 मध्ये त्यांतल्या तिघांच्या पाठीवर उपग्रहाला इशारे देणारी यंत्रं बसवली. ते जॉर्डन, सौदी अरब, येमेन असे उतरत इथिओपियाच्या पठारावर पोचले. म्हणजे बिरेजिकचे बुजुर्ग अगदीच चुकले नव्हते. वाट खरोखर हाजींच्या मुलखातूनच जात होती. पुढे सीरियात युद्ध पेटलं आणि तो थवाही संपला.

युरोपात 2004 पासून एक प्रयोग चालू आहे. माणसं पिल्लांना हाताने वाढवतात आणि छोट्या विमानात बसून पुढे उडतात. पिल्लं त्यांच्या मागे आल्प्स ओलांडून इटलीत पोचत असत. त्यांतले काही पुढे आपापले परतलेही. हरवलेली वाट शिकवता येते, पण केवढ्या कष्टाने!

कुरआनाने पक्ष्यांनाही 'उम्मत' म्हटलं आहे. हा शब्द मी वर्गात अनेकदा समजावला. पण एका उम्मतीची वाट पुसली जाते म्हणजे काय, हे मला या पक्ष्याने शिकवलं. आजोबांना आपली वाट त्या बुजुर्गांकडून मिळाली होती. बिरेजिकच्या पिल्लांसाठी तेवढंसुद्धा कोणी उरलेलं नाही.