उतारवयातील उच्च रक्तदाब आणि रोजची गोळी

उच्च रक्तदाब बहुधा कोणतेही लक्षण दाखवीत नाही. ‘डोके दुखत नाही, मग गोळी कशाला?’ असे ज्येष्ठांना वाटते, ते त्यामुळेच. वयोमानानुसार रोहिण्या ताठर होतात व रक्तदाबाचा वरचा आकडा चढतो. ‘या वयात एवढे चालायचेच’ ही समजूत मात्र चुकीची ठरली आहे. अमेरिकेतील ‘शेप’ चाचणीत साठ वर्षांवरील ४,७३६ रुग्ण होते. औषध घेणाऱ्यांत पक्षाघाताचे प्रमाण ३६ टक्क्यांनी घटल्याचे १९९१ साली प्रसिद्ध झाले. ऐंशी वर्षांवरील रुग्णांनाही औषधाचा लाभ होतो, हे २००८ साली ‘हायव्हेट’ चाचणीने दाखविले.

या इतिहासात मुंबईचेही स्थान आहे. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीचा रक्तदाबावरील परिणाम १९४९ साली जगापुढे मांडला. तरीही ती मुळी घरी उगाळून घेऊ नये. तिच्यातील रेसर्पिनमुळे मनाला खिन्नता येऊ शकते. वृद्धांसाठी आज त्याहून सुरक्षित औषधे आहेत.

अ‍ॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन व क्लोरथॅलिडोन ही त्यांपैकी प्रमुख होत. वृद्धांना बहुधा अल्प मात्रेने आरंभ करून ती हळूहळू वाढविली जाते. अ‍ॅम्लोडिपिनने घोट्यांवर सूज येऊ शकते, क्लोरथॅलिडोनने रक्तातील सोडियम घटू शकते. अशा वेळी गोळी परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगावे. औषध बदलता येते. रक्तदाब बसून मोजल्यावर उभे राहूनही मोजून घ्यावा. उभे राहताच वरचा आकडा वीस किंवा अधिक अंकांनी उतरत असेल, तर चक्कर येऊन पडण्याचे व खुबा मोडण्याचे भय असते. गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेल्या आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या रक्तदाब वाढवितात व मूत्रपिंडास अपाय करतात, हे फारच थोड्यांना ठाऊक असते.

तळोद्याचा उन्हाळा कडक. लघवी वाढविणारे औषध चालू असताना जुलाब, उलट्या वा उष्म्याने शरीरातील पाणी कमी झाल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे; मात्रा तात्पुरती बदलावी लागते.

काही भाविक मिस्सेपूर्वी सकाळची गोळी टाळतात. त्याची गरज नाही. १९८३ च्या धर्मसंहितेनुसार कम्युनियनपूर्वीच्या एका तासाच्या उपवासात पाणी व औषध यांना मुभा आहे आणि वृद्ध व आजारी व्यक्तींना तर तो नियमच लागू नाही. राखेचा बुधवार व शुभ शुक्रवार या दिवशीच्या उपवासाचे बंधनही एकोणसाठ वर्षे पूर्ण झालेल्यांवर नसते. स्वेच्छेने उपवास करणाऱ्यांनीही गोळी चुकवू नये.

महाराष्ट्रात ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत व आरोग्य केंद्रांत उपचार निःशुल्क आहेत. घरातील तरुण ऊसतोडीसाठी गुजरातेत जाणार असतील, तर निघण्यापूर्वी आजी-आजोबांच्या गोळ्या आणून ठेवाव्यात आणि पुढच्या महिन्याच्या कोण आणील, हे शेजाऱ्यांशी बोलून ठरवावे.