अकलूजची 'इटालियन' व्हाईट वाईन कशासोबत घ्यावी?

'फ्रॅटेली' म्हणजे इटालियन भाषेत भाऊ. सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजमध्ये याच नावाची वाईन बनते. इटलीचे सेच्ची, दिल्लीचे सेखरी आणि अकलूजचे मोहिते-पाटील अशा तीन कुटुंबांतल्या भावांनी ही कंपनी सुरू केली. वाईन घडवली टस्कनीच्या पिएरो मासी यांनी.

ही व्हाईट वाईन कशासोबत चांगली लागते? तिचा आंबटपणा लिंबाचं काम करतो, म्हणून तळलेली सुरमई, पनीर टिक्का किंवा भजी यांचा तेलकटपणा कमी जाणवतो.

बुलढाण्याकडच्या झणझणीत वऱ्हाडी रश्श्यासोबत मात्र जपून! अल्कोहोलमुळे तिखट जास्त झोंबतं. तिथे कमी अल्कोहोलची, किंचित गोडसर शेनिन ब्लाँ बरी. वाईन थंडगार हवी, पण बर्फ घालू नका. चव पाणचट होते.