रुमालाची गाठ

बायको आईने निवडली, नोकरी थोरल्या मामांनी लावली आणि भरिताची वांगी निवडण्याचा अधिकार आमच्या जळगावच्या घरात मला कधीच मिळाला नाही. अशा माणसाला साठी उलटल्यावर कोणी निवड करायला सांगितली तर त्याचे काय होणार? पण धुळ्याहून आलेल्या भाच्याने संगणक जोडला आणि विचारले, "मामा, फाइल मॅनेजर कोणता टाकू?"

"सगळीकडे एकच नसतो का रे?"

"लिनक्सवर नसतो. डॉल्फिन आहे, थुनार आहे, नेमो आहे, मिडनाइट कमांडर आहे. सगळे फुकट. शिवाय आतली रचना कुणालाही उघडून पाहता येते, दुरुस्तही करता येते."

फुकटच्या वस्तूत चार प्रकार असले की माणूस जास्तच चिकित्सा करतो. मी चारही पाहिले आणि मिडनाइट कमांडरवर माझा जीव जडला. निळा पडदा, शेजारी शेजारी दोन खाने. डावीकडचे उचलावे, उजवीकडे ठेवावे. माउसची भानगड नाही. भाच्याने इतिहास सांगितला. अमेरिकेत जॉन सोचा याने १९८६ साली नॉर्टन कमांडर काढला, आणि १९९४ मध्ये मिगेल दे इकासा या मेक्सिकन तरुणाने त्याच धर्तीवर हा खुला कमांडर सुरू केला.

"त्यात काय एवढं!" मी म्हणालो. "आपल्या खानदेशाचे असे दोन खाने १९०६ सालीच झाले. पूर्वेचं ठाणं जळगाव, पश्चिमेचं धुळे. १९६० साली खान्यांची नावं बदलली आणि १९९८ मध्ये नंदुरबारचा तिसरा खाना उघडला." त्या वेळी कारकुनांनी कागदांची नक्कल केली, म्हणजे एफ-५ दाबले, की कागदच हलवले, म्हणजे एफ-६ दाबले, हा प्रश्न मला अजून पडतो. सरकारी कागद सापडत नाही तेव्हा तर फारच पडतो.

एवढा खटाटोप कशासाठी, तर वडिलांच्या रोजमेळासाठी. कापूस किती निघाला, केळीचे घड किती गेले, निंदणीची मजुरी कुणाला किती दिली, हे सारे त्यांच्या हातचे. कागद पिवळे पडून तुकडे व्हायला लागले होते. भाच्याने दोन दिवस खपून पानन् पान संगणकात घेतले.

तिसऱ्या दिवशी मी एकटा असताना एफ-५ ऐवजी एफ-८ दाबले. कमांडरने इंग्रजीत काहीतरी विचारले. जन्मभर साहेबाने इंग्रजीत विचारले की मी 'येस' म्हणत आलो. तिथेही म्हणालो. वडील गेले. म्हणजे तसे ते १९८१ सालीच गेले होते. पण त्या दुपारी पुन्हा गेले.

भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "कमांडर कचऱ्याच्या टोपलीत टाकत नाही मामा, कायमचं पुसतो. मूळ वह्या कुठे आहेत?"

वह्या माळ्यावर होत्या. वडिलांनी बांधलेल्या खारव्याच्या तांबड्या रुमालात, वर चिठ्ठी: 'कापूस व केळी, सन १९५२ ते ६०'. मराठेशाहीचे दप्तर असेच ठेवलेले. पुण्याच्या पेशवे दप्तरात असे हजारो रुमाल आहेत. त्यांतले वेचे सरदेसायांनी १९३० ते ३४ या काळात ४५ भागांत छापले. आणि आमच्या धुळ्याला तर राजवाडेच येऊन राहिले. गावोगाव पायपीट करून, वाड्यावाड्यांतून मिनतवाऱ्या करून त्यांनी कागद मिळवले आणि १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या नावाने २२ खंडांत छापून लोकांपुढे ठेवले. १९२६ च्या शेवटच्या दिवशी ते धुळ्यातच वारले. पुढच्याच वर्षी तिथे राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. कागद माझ्या माळ्यावर आहे म्हणजे तो सुरक्षित आहे, असे राजवाड्यांनी कधीच मानले नाही. चार घरी गेला तरच तो उरतो.

मग मी माझे संगणकातले रुमाल पाहिले. एकाचे नाव 'नवीन', दुसऱ्याचे 'नवीन २', तिसऱ्याचे 'खरे नवीन'. कमांडर बिचारा काय करणार? कापड कोणतेही असो, चिठ्ठी आपणच लिहायची असते.

भाचा पुन्हा आला, पुन्हा दोन दिवस खपला. या वेळी मी डॉल्फिन निवडला. त्यात डिलीट दाबले की फाइल आधी टोपलीत जाते, आणि एफ-३ दाबले की माझे लाडके दोन खानेही होतात. सगळ्याची एक प्रत धुळ्याला बहिणीकडे गेली. पुढच्या रविवारी तिचा फोन आला, "दादा, तुझ्या जन्माच्या दिवशी अण्णांनी सव्वा रुपयाचे पेढे लिहिलेत. माझ्या जन्माला दीड रुपयाचे!" इतकी वर्षे ही फाइल बंद होती तेच बरे होते, असे क्षणभर वाटले.

वह्या पुन्हा रुमालात ठेवल्या. वडिलांची गाठ एका ओढीत सुटायची. मला तशी बांधता येईना. शेवटी बायकोने रुमाल हातातून घेतला, सरगाठ मारली आणि म्हणाली, "चिठ्ठी तेवढी लिहा. तेवढं जमेल तुम्हाला."